वाचलेले पाणी, वाचलेला वेळ

पाणी जपून वापरावे, सरपण कमी जाळावे, सांडपाणी उघड्यावर सोडू नये, एकदा वापरलेली वस्तू शक्य तर पुन्हा उपयोगात आणावी, या गोष्टी आता शाळेच्या भिंतींपासून ग्रामपंचायतीच्या फलकांपर्यंत सर्वत्र वाचावयास मिळतात. त्या खऱ्या आहेत, आणि खेड्यातील मनुष्याला त्या नव्याने शिकवाव्या लागतात असेही नाही. ज्या घरात आंघोळीचे पाणी परसातल्या आळ्यात जाते आणि जुन्या लुगड्यांची गोधडी होते, त्या घराला काटकसरीचा पाठ देणारा बहुधा शहरातून आलेला असतो. मात्र काटकसरीने जे वाचते त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. पाणी वाचले, वेळ वाचला, श्रम वाचले, म्हणजे मनुष्य सुखी झाला असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात वाचलेली वस्तू कोणाच्या तरी हाती जाते. आणि ती कोणाच्या हाती जावी हे घरातील व गावातील माणसांनी आपसात बोलून ठरविले नसेल, तर त्याच बचतीतून नवे श्रम आणि नवे तंटे उभे राहतात. हा विचार येथे तापीकाठच्या एका मुलखाच्या संदर्भात करावयाचा आहे.

तो मुलूख म्हणजे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हा, आणि त्यातही खकनार तहसिलीतील तुकईथड व त्याच्या आसपासची गावे. खंडवा-अकोला या जुन्या मीटरगेज मार्गावरील स्थानक म्हणून तुकईथडचे नाव महाराष्ट्रातील अनेकांना परिचित असेल. तापीचे खोरे आणि सातपुड्याच्या रांगा यांच्या मधल्या या पट्ट्यात मराठी, निमाडी, कोरकू आणि हिंदी या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. जिल्ह्याचे मुख्य नगदी पीक केळी हे आहे. पाण्याच्या दृष्टीने या जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते जुलै २०२२ मध्ये. ग्रामसभांच्या ठरावांच्या आधारे ‘हर घर जल’ प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हा म्हणून बऱ्हाणपूरची घोषणा झाली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनचा आरंभ झाला तेव्हा जिल्ह्यातील १,०१,९०५ ग्रामीण कुटुंबांपैकी ३७,२४१ कुटुंबांकडेच नळाचे पाणी होते. तीन वर्षांच्या आत उरलेल्या सर्व घरी, म्हणजे २५४ गावांत, नळ पोहोचला.

या आकड्यांचा घरातील अर्थ काय, हे थोड्या गणिताने समजून घेता येईल. मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी गृहीत धरले आहे. पाच माणसांच्या घरास ते २७५ लिटर होते. पंधरा लिटरची घागर धरल्यास अठरा-एकोणीस घागरी, आणि वजनाने पावणेतीनशे किलो. विहिरीवरून किंवा हातपंपावरून पाणी आणणाऱ्या घरात इतके पाणी कधीच येत नसे. त्याच्या निम्म्यात भागविले जाई, आणि ते निम्मेही बहुतेक स्त्रियांच्या व मुलींच्या डोक्यावरून येई. नळ आला म्हणजे हे ओझे उतरले. मान, पाठ व गुडघे यांना विश्रांती मिळाली आणि दिवसातील तास-दीड तास मोकळा झाला.

हा मोकळा झालेला वेळ कोणाचा? शिक्षकांनी आपल्या शाळेच्या हजेरीपटाकडे या दृष्टीने पाहावे. नळ आल्यानंतर सहावी-सातवीतील मुलींची सकाळची हजेरी सुधारली असेल, तर वाचलेला वेळ मुलीच्या हाती पडला. ती सुधारली नसेल, तर तो वेळ धाकट्या भावंडाला सांभाळण्यात किंवा शेतावरच्या कामात गेला असण्याचा संभव आहे. घरातील सुनेच्या बाबतीतही हेच होते. पाणी दारात आले, तेव्हा आता आणखी एक म्हैस बांधावी, किंवा केळीच्या कामाला एक तास आधी निघावे, असे घरात कोणी न बोलताही ठरून जाते. सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या मनात त्यात काही वाईट हेतू असतो असे नाही. मोकळा वेळ दिसला की काम त्यात आपोआप शिरते, जसे मोकळे रान दिसले की जनावर शिरते. म्हणूनच ज्या दिवशी घरी नळ बसला, त्याच आठवड्यात घरातील माणसांनी एकत्र बसून हा तास कोणी कसा वापरावा हे बोलून ठरविणे इष्ट होते. अद्याप ठरविले नसल्यास आजही उशीर झालेला नाही.

या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे व ती अहवालांत येत नाही. पाणवठा हे केवळ पाणी भरण्याचे ठिकाण नव्हते. माहेराहून आलेली मुलगी कशी आहे, कोणाच्या घरी आजार आहे, कोणत्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आहे, हे गावाला पाणवठ्यावर कळत असे. नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलीला तर घराबाहेर चार शब्द बोलण्याची तीच एक जागा असे. नळाने घागर उतरविली, पण ही जागाही नाहीशी केली. याचा अर्थ नळ नको होता असा कोणीही करू नये. परंतु त्या बोलण्याची भरपाई कोठे तरी झाली पाहिजे. गावाच्या पाणी समितीत निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यावे, अशी मिशनची तरतूद आहे. ही तरतूद बहुधा तांत्रिक कामासाठी आहे असे समजले जाते. आमच्या मते तिचा दुसरा उपयोगही तितकाच मोलाचा आहे. पाण्याचा नमुना घेण्यासाठी बाई घरोघरी जाते तेव्हा पाणवठ्यावरचे निम्मे बोलणे परत येते. समितीची बैठक कागदावर न उरकता खरोखर भरविली, तर उरलेले निम्मे येईल.

सांडपाणी आणि शेजार

घरात पाणी अधिक आले म्हणजे घराबाहेर सांडपाणीही अधिक जाते. खेड्यातील भांडणांचा कोणी कधी हिशेब मांडला, तर बांधाच्या खालोखाल सांडपाण्याचे नाव लागेल. एकाच्या मोरीचे पाणी दुसऱ्याच्या अंगणात साचते, त्यावर डास होतात, मूल तापाने आजारी पडते, आणि मग दोन पिढ्यांचा अबोला धरला जातो. यावर साधा उपाय शोषखड्ड्याचा आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन गटारे कोरडी केली, आणि डासमुक्त गाव म्हणून त्याची ख्याती झाली. खड्ड्याच्या मध्यभागी भोके असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे, वर झाकण, एवढाच त्याचा खटाटोप. टाकीत गाळ बसतो आणि पाणी भोकांतून दगडांत व दगडांतून जमिनीत मुरते. पिण्याच्या विहिरीपासून तो पुरेसा दूर असावा आणि टाकीतील गाळ वेळोवेळी काढावा, या दोन अटी मात्र पाळल्या पाहिजेत.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असल्यास घरोघरी हौद, पिंप, रांजण भरून ठेवले जातात. डेंग्यूचा डास घाण पाण्यात नव्हे, तर अशाच साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करण्याची पद्धत आरोग्य खात्याने घालून दिली आहे. हा कोरडा दिवस एका घराने पाळून फारसा उपयोग होत नाही. डास शेजारून येतो. संपूर्ण आळीने एकच वार ठरविला तर त्या वारी धुतलेले पाणी झाडांना जाते, आणि आळीतील माणसे निदान आठवड्यातून एकदा एकमेकांच्या दाराकडे पाहतात.

विहीर, बोअर आणि भाऊबंदकी

आता शेताकडे वळू. नळाचे पाणी येते कोठून, तर बहुतेक गावी जमिनीखालूनच; आणि केळीचे पाणीही त्याच जमिनीखालून येते. या भागाच्या डोंगराळ बाजूस काळा कातळ आहे. त्याच्या वरच्या भेगाळलेल्या व मुरमाच्या थरात पावसाचे पाणी साठते आणि विहिरीस ते झिरपून मिळते. खालचा कातळ घट्ट असतो. त्यात पाणी असते ते केवळ फटींतून, आणि त्या फटी भरण्यास दीर्घ काळ लागतो. पंप सुरू झाला की बोअरभोवतीची पाण्याची पातळी उलट्या धरलेल्या छत्रीसारखी खाली ओढली जाते. ही छत्री किती दूर पसरेल हे सातबारा किंवा खसरा यांवर लिहिलेले नसते. थोरल्याने आपल्या हद्दीत खोल बोअर घेतला आणि धाकट्याच्या वाट्याची वडिलोपार्जित विहीर माघातच आटली, तर धाकट्याला पाण्याचे शास्त्र दिसत नाही. त्याला भाऊ दिसतो. मग तोही कर्ज काढून अधिक खोल बोअर घेतो. तो कोरडा गेला तर कर्ज राहते, लागला तर थोरल्याचे पाणी कमी होते. दोन्ही प्रकारे भावाभावांतील बोलणे संपते.

किती पाण्यासाठी हे चालते, तेही पाहू. एक एकर जमिनीवर एक इंच पाणी उभे केले तर ते सुमारे १,०२,८०० लिटर होते. वर सांगितलेल्या पाच माणसांच्या घरास रोज २७५ लिटरप्रमाणे हे पाणी एक वर्षाहून थोडे अधिक काळ पुरेल. म्हणजे एका एकराचे एका इंचाचे भरणे आणि एका कुटुंबाचे वर्षाचे पाणी ही जवळपास सारखी आहेत. केळीला वर्षभरात साधारणपणे १,८०० ते २,००० मिलिमीटर, म्हणजे सत्तर-ऐंशी इंच पाणी लागते असे धरतात. या भागातील वर्षाचा पाऊस त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. मोरीतील नळ घट्ट बंद करा असा उपदेश आपण बायकामुलांना करतो तो योग्यच आहे, परंतु गावाच्या पाण्याचा निकाल मोरीत लागत नाही, शेतात लागतो, हे पुरुषमंडळींनी लक्षात घेतले पाहिजे.

यावर ठिबक सिंचन हा उपाय सांगितला जातो. ठिबकने पाटपाण्याच्या मानाने पुष्कळ पाणी वाचते यात शंका नाही, आणि तापीच्या दोन्ही बाजूंच्या केळीउत्पादकांनी ती पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली आहे. पण वाचलेल्या पाण्याचे काय झाले? अनेक ठिकाणी दोन एकर केळीची तीन एकर झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. विहिरीच्या दृष्टीने उपसा पूर्वी होता तेवढाच राहिला, किंवा वाढला. हा केवळ आपल्याकडचा अनुभव नव्हे. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते की, कमी कोळशात चालणारी वाफेची यंत्रे आल्याने देशाचा कोळसा वाचला नाही. यंत्रे वाढली आणि कोळसा पूर्वीपेक्षा अधिक जळू लागला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात पाणी वाचविणाऱ्या तुषार सिंचनाला सरकारी साहाय्य मिळाले, तेथेही भूजलाचा उपसा कमी न होता वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. सुनेचा वाचलेला तास आणि विहिरीचे वाचलेले पाणी यांची गत एकच आहे. आधी ठरविले नाही तर ते त्याच कामात परत खर्च होते.

शेतीच्या विजेचीही अशीच एक गोष्ट आहे. वीज पाळीपाळीने येते, कधी रात्री येते. रात्री उठून, विंचूकाट्यातून जाऊन पंप सुरू करण्याचा त्रास वाचावा म्हणून ऑटो स्टार्टर बसविले जातात. झोप वाचते हे खरे. परंतु वीज येताच एका रोहित्रावरील सर्व पंप एकाच क्षणी सुरू होतात, दाब पडतो, रोहित्र जळते, आणि पुढे कित्येक दिवस कोणालाच पाणी मिळत नाही. मग रोहित्र कोणामुळे जळले यावर वाद होतो. एका रोहित्रावरील आठ-दहा शेतकऱ्यांनी आपसात पाळ्या लावल्या आणि प्रत्येकाने पंपाला कपॅसिटर बसविला, तर रोहित्रही टिकते आणि रात्रीच्या फेऱ्याही निम्म्या होतात. झोपमोडीने चिडलेला मनुष्य दिवसा घरात कसा वागतो हे त्याच्या बायकोमुलांस विचारावे. पाण्याच्या व्यवस्थेचा घरातील गोडीशी संबंध आहे तो असा.

चिंताहरण

बऱ्हाणपूरला पाण्याची एक निराळी व्यवस्था चारशे वर्षांपूर्वी झाली होती, आणि ती आजही पाहता येते. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, सुमारे १६१५ साली, सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालील बोगद्यांतून शहरापर्यंत आणण्यात आले. कुंडी भंडारा या नावाने ती प्रसिद्ध आहे. ही योजना फारसी भूशास्त्रज्ञ तबकुतुल अर्ज याने आखली असे सांगतात. शंभराहून अधिक विहिरीसारख्या कुंड्या भूमिगत वाटेने एकमेकींस जोडलेल्या आहेत आणि पाणी केवळ उताराने वाहते. २०२४ मध्ये तिचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत झाला. शहराला पाणी पुरविणाऱ्या या जुन्या भांडारांपैकी एकाचे नाव चिंताहरण असे आहे. नाव ठेवणाऱ्याला पाण्याचा आणि मनाच्या स्वास्थ्याचा संबंध चांगला ठाऊक असला पाहिजे.

या रचनेचा एक गुण तंत्रज्ञांइतकाच शेजाऱ्यांनीही पाहण्यासारखा आहे. डोंगर जेवढे झिरपवील तेवढेच पाणी बोगद्यात येते. वरच्या कुंडीवर बसलेल्या मनुष्याला इच्छा असली तरी उतारापेक्षा अधिक ओढता येत नाही. मर्यादा बांधकामातच आहे, माणसाच्या चांगुलपणावर ती सोपविलेली नाही. बोअर आणि विजेचा पंप यांनी ही मर्यादा काढून टाकली, आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही ठेवली नाही. आता ती कराराने ठेवावी लागेल.

असे करार झाले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा हक्क जमिनीवर न देता माणसावर द्यावयाचा, माणशी अर्धा एकर भिजेल इतका, आणि कुटुंबास अडीच एकरांपर्यंत, भूमिहीनालाही वाटा, उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पाडली. किती पाऊस झाला, किती मुरला, हे ग्रामसभेपुढे वाचले जाते. पिण्याचे पाणी व जनावरांचे पाणी प्रथम बाजूला काढतात आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ठरते. शेतीसाठी बोअर घेण्यास तेथे गावाची बंदी आहे आणि ऊस व केळी घेतली जात नाहीत.

हिवरे बाजारचे उदाहरण देऊन बऱ्हाणपूरच्या शेतकऱ्यास केळी सोडा असे सांगणे हास्यास्पद होईल. ज्या जिल्ह्याचा संसार केळीवर चालतो तेथे तो करार लागू पडणार नाही. घेण्यासारखी गोष्ट आहे ती हिशेब उघडा वाचण्याची. कायदे दोन्ही राज्यांत आहेत. मध्य प्रदेशात १९८६ च्या पेयजल परिरक्षण अधिनियमाखाली जिल्हाधिकारी टंचाईग्रस्त क्षेत्रात विनापरवाना नवीन बोअरला मनाई करू शकतात; महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विहीर घेण्यावर निर्बंध घातला. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध अर्ज केल्याशिवाय हे कायदे बहुधा हलत नाहीत, आणि असा अर्ज झाला म्हणजे शेजार उरत नाही. गावाने स्वतः केलेल्या हिशेबात ही अडचण येत नाही. विहिरीतील पातळीचा आकडा सर्वांसमोर असेल, तर भावावर संशय घेण्याऐवजी आकड्याविषयी बोलता येते.

हा प्रश्न लवकरच अधिक निकडीचा होणार आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे व वाळू यांचा जो सच्छिद्र पट्टा आहे, त्यात तापीचे पाणी मुरवून खालावलेली भूजलपातळी वर आणावी, ही तिची कल्पना आहे. मध्य प्रदेशात खकनारसह नेपानगर, बऱ्हाणपूर व खालवा या तहसिलींतील १,२३,०८२ हेक्टर क्षेत्र तिच्या लाभात धरले आहे. योजना पूर्ण होण्यास काळ लागेल. परंतु पाणी वर आल्यावर पहिल्या वर्षी ज्याचा पंप मोठा त्याने ते उपसावे, की आधी पिण्याचे, मग जुन्या विहिरींचे, मग नव्या लागवडीचे असा क्रम लावावा, हे पाणी येण्यापूर्वीच ठरले तर बरे. पाणी आल्यावर कोणी ऐकत नाही.

प्रारंभ करण्यास खर्च जवळजवळ नाही. एक जाड दोरी, तिला मीटर-मीटरवर रंगीत गाठ, टोकाला वजन. गावातील पाच-सहा विहिरी निवडाव्यात. त्यांत एक नळयोजनेची, एक उंचावरील आणि एक नाल्याकाठची अवश्य असावी. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चार वेळा करते. गावाने निदान दोनदा, म्हणजे पावसाळा संपल्यावर आणि मे महिन्यात, करावी. मोजण्यापूर्वी त्या विहिरीवरील व शेजारील पंप काही तास बंद असले पाहिजेत, एरवी आकडा खोटा येतो. त्यासाठी मालकाशी आदल्या दिवशी बोलून ठेवावे. दरवेळी विहिरीच्या काठावरील एकाच ठरावीक खुणेपासून मोजावे व ती खूण रंगवून ठेवावी. सातवीच्या मुलामुलींना हे काम उत्तम जमते, मात्र काठावर मोठे मनुष्य उभे असल्याखेरीज त्यांना विहिरीजवळ जाऊ देऊ नये. आकडे शाळेच्या बाहेरील भिंतीवर, विहिरीच्या मालकाच्या नावाऐवजी विहिरीच्या प्रचलित नावाने लिहावेत, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रब्बीची पेरणी सुरू होण्याआधी मोठ्याने वाचून दाखवावेत.